एक्स्टसी, ग्लोरी, प्रेझ वगैरे: या इंग्रजी शब्दांचे खरे अर्थ काय?

पडद्यामागचा (धागाकर्ता)
मंगळवार, रात्री १०:४२

राम राम मंडळी,

आमच्या हौशी गटानं यंदा 'हॅम्लेट'मधले काही प्रवेश मराठीतून करायचं ठरवलंय आणि संहितेचं काम माझ्या गळ्यात पडलंय. राणीच्या महालातल्या प्रवेशात गाडी अडली आहे. हॅम्लेटला बापाचं भूत दिसतं, राणीला काहीच दिसत नाही. ती म्हणते, अशा हवेतल्या आकृत्या घडवण्यात 'एक्स्टसी' मोठी पटाईत असते. त्यावर हा उसळतो, की एक्स्टसी कसली, माझी नाडी तुझ्या नाडीइतकीच तालात चाललीय.

कोश उघडला तर परमानंद, हर्षातिरेक, ब्रह्मानंद. आता आईसमोर उभं राहून हॅम्लेट म्हणणार, 'परमानंद? माझी नाडी बघ!' प्रेक्षक खुर्चीतून खाली पडतील. त्याआधी ओफेलियाच्या तोंडीही हाच शब्द आहे. ऐन तारुण्यातला हा देखणा माणूस एक्स्टसीनं करपून गेला, असं ती रडत म्हणते. परमानंदानं कोण करपतो?

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. ग्लोरी, रॅप्चर, ब्लिस, युफोरिया, ज्युबिलेशन, प्रेझ, लॉड, कुडोज... आपण या सगळ्यांसाठी दोनच डबे ठेवलेत, एकावर 'आनंद' लिहिलंय आणि दुसऱ्यावर 'स्तुती'. मुळात हे शब्द म्हणतात तरी काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

कोशकीटक
मंगळवार, रात्री ११:१५

कोश चुकला नाही, तो आजचा अर्थ सांगतोय. शेक्सपिअर १६०० च्या आसपासचा.

मूळ ग्रीक 'एक्स्तासिस'. 'एक्' म्हणजे बाहेर, 'स्तासिस' म्हणजे उभं राहणं. हा 'स्ता' आणि आपला संस्कृत 'स्था' सख्खे भाऊ. म्हणजे माणूस स्वतःच्या बाहेर जाऊन उभा राहिला, इतकंच. तो कशामुळे बाहेर गेला याबद्दल शब्द चकार काढत नाही. भीतीनं जाईल, तापानं जाईल, शोकानं जाईल, देवाच्या ध्यासानंही जाईल. 'मॅकबेथ'मध्येही हा शब्द आहे. खून पचवून गादीवर बसलेला मॅकबेथ म्हणतो, या अस्वस्थ एक्स्टसीत रात्री काढण्यापेक्षा मेलेले बरे. तिथे आनंदाचा लवलेश नाही, निव्वळ मनाची तडफड आहे. पुढे संतांच्या समाधीसाठी हा शब्द जास्त वापरात आला, त्यातून आनंद चिकटला, आणि हळूहळू बाकीचे अर्थ गळून गेले.

माझं मत: 'उन्माद'. आयुर्वेदात उन्माद हा सरळ रोग आहे आणि बोलण्यात 'विजयाचा उन्माद' आनंदालाही चालतो. दोन्ही दरडींवर पाय ठेवणारा शब्द मराठीत तोच.

---

जुनी_पुस्तकं
मंगळवार, रात्री ११:३१

आगरकरांचं भाषांतर चाळलंत का? 'विकारविलसित', १८८३. कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, त्या काळात त्यांनी या कामाला हात घातला होता. नावातच बघा, 'विकार' शब्द घेतलाय. मनात उसळणारं ते सगळं, चांगलं-वाईट न बघता. पुढे गणपतराव जोशांनी हॅम्लेट रंगभूमीवर गाजवला तो याच परंपरेतून.

---

कोल्हापुरी_रस्सा
बुधवार, सकाळी ७:०८

उन्माद वगैरे पुस्तकी वाटतंय राव. आमच्याकडं आजी म्हणायची, 'चळ लागलाय व्हय रं तुला?' तापात बडबडणाऱ्यालापण 'चळ भरला' म्हणत्यात. हॅम्लेटला सरळ म्हणू दे की, 'चळ? नाडी बघ माझी!' नटाला फेकायला सोपं.

---

पडद्यामागचा (धागाकर्ता)
बुधवार, सकाळी ९:२०

@कोल्हापुरी_रस्सा, उचललं! आज सकाळी तालमीत 'उन्माद' म्हणून बघितला, तर आमच्या नटाच्या तोंडी तो संपादकीयातल्यासारखा वाजत होता. 'चळ लागलाय मला? नाडी बघ. तुझ्याइतकीच संथ चाललीय.' हे बसतंय. ओफेलियाला 'वेडानं करपून गेला' एवढं पुरे. नाटकाचं काम झालं, पण धागा थांबवू नका. मला बाकीचे शब्दही हवेत.

---

परदेशस्थ_पाटील
बुधवार, दुपारी १:५०

एक्स्टसी डोळ्यांनी बघायची असेल तर रोमच्या सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया चर्चमध्ये जा. शिल्पकार बर्निनीनं १६४७ ते १६५२ मध्ये संत तेरेसाचं शिल्प केलंय. बाई ढगावर रेललेली, डोळे अर्धे मिटलेले, तोंड किंचित उघडं, समोर देवदूत हातात बाण घेऊन उभा. पण मी बराच वेळ बघत राहिलो तो तिचा पाय. झग्याखालून एक अनवाणी पाऊल निसटून नुसतं लोंबतंय, त्यात जीव नाही असं. चेहऱ्यापेक्षा ते पाऊल जास्त सांगतं की बाई आता घरात नाही. वर लपवलेली खिडकी आहे, तिच्यातून सोनेरी किरणांवर खरा उजेड पडतो. आणि नाटकवाल्या माणसाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंतींत, नाट्यगृहात असतात तशा सज्जांतून, ज्यांनी पैसे दिले त्या कोर्नारो घराण्यातली मंडळी संगमरवरात बसलीत. काहीजण तर आपापसात गप्पा मारतायत!

---

डॉ_खोकला
बुधवार, दुपारी २:३५

युफोरिया आमच्या खात्यातला. ग्रीक 'यु' म्हणजे चांगलं, 'फेरेइन' म्हणजे वाहणं, पेलणं. हा 'फेर' आणि संस्कृत 'भृ' एकच, ज्यातून भार, भरण आले. म्हणजे 'ठीक पेलवतंय' इतपत साधा अर्थ. अठराव्या शतकातले डॉक्टर हा शब्द वापरायचे तो रुग्णाला जरा बरं वाटू लागलं तर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मानसशास्त्रात शिरल्यावर त्याला कारणाशिवायच्या, अवाजवी खुशीचा अर्थ आला.

यातली वाईट गोष्ट म्हणजे क्षयाचे काही रोगी शेवटच्या टप्प्यावर उगाच आशावादी, आनंदी दिसायचे. जुन्या वैद्यांनी त्याला लॅटिनमध्ये नावच ठेवलं होतं, 'स्पेस थायसिका', क्षयरोग्याची आशा. त्यामुळे केसपेपरवर 'युफोरिक' लिहिलेलं दिसलं की आम्ही पेढे मागत नाही, काळजीत पडतो.

आणि हो, एक्स्टसी नावाची गोळीही आहे. ते रसायन मर्क कंपनीत १९१२ मध्ये पहिल्यांदा तयार झालं, रस्त्यावरचं हे नाव मात्र १९८० च्या दशकातलं. अमेरिकेनं १९८५ मध्ये त्यावर बंदी घातली.

---

आयटी_हमाल
बुधवार, दुपारी ३:०२

प्रेझ आणि प्राइस हे एकच आहेत असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का?

---

कोशकीटक
बुधवार, दुपारी ३:२६

शंभर टक्के. लॅटिन 'प्रेतियुम' म्हणजे किंमत. त्यावरून 'किंमत ठरवणं' हे क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. प्राइस, प्राइझ, प्रेझ ही एकाच घरातली भावंडं, नंतर वाटण्या होऊन वेगळी झाली. किंमत एकाकडे, बक्षीस दुसऱ्याकडे, स्तुती तिसऱ्याकडे. अॅप्रिशिएट पण त्याच घरातला, म्हणून तर शेअरचा भावसुद्धा 'अॅप्रिशिएट' होतो. त्याआधी इंग्रजांचा स्वतःचा 'लोफ' शब्द होता, जर्मनमध्ये तो 'लोब' म्हणून आजही जिवंत आहे. इंग्रजीत बाजाराच्या शब्दानं त्याला हुसकावलं.

आपल्याकडे तरी वेगळं काय? 'कदर' हा अरबी शब्द मुळात मोजमापाचा, किमतीचाच.

---

आयटी_हमाल
बुधवार, दुपारी ३:३१

म्हणजे अप्रेझल आणि प्रेझ एकच!! आमच्या साहेबाला कोणीतरी सांगा रे. गेल्या वेळी पाऊण तास नुसती प्रेझ ऐकवली. 'टीमचा कणा आहेस, तुझ्याशिवाय पान हलत नाही.' मग स्क्रीन माझ्याकडे वळवली, पाचपैकी तीन. प्राइस काही बदलली नाही.

---

सुगरण_पक्षी
बुधवार, दुपारी ३:४०

😂😂 +१. वाचतेय.

---

वसईची_मावशी
बुधवार, रात्री ८:१४

ग्लोरीबद्दल मी लिहिते. आमच्याकडे मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, 'गौरव' म्हणतात आणि मला लहानपणी हा शब्द सत्कार समारंभासारखा वाटायचा, शाल आणि श्रीफळ! पुढे एका धर्मगुरूंनी वर्गात उलगडून सांगितलं तेव्हा पटलं की यापेक्षा चपखल शब्द मिळाला नसता.

बायबलचा जुना करार हिब्रूत. तिथे शब्द आहे 'कावोद'. त्याचं मूळ वजन, जडपणा. यकृतालाही हिब्रूत त्याच धातूचं नाव आहे, कारण ते पोटातलं जड इंद्रिय. देवाचा कावोद म्हणजे देवाचं वजन, त्याचं भारदस्त असणं. आता आपला 'गौरव' कुठून आला? गुरु म्हणजे जड, त्याचं भाववाचक नाम गौरव. 'त्यांच्या शब्दाला वजन आहे' असं आपण म्हणतो ते हेच. हिब्रू आणि संस्कृत यांचं काही नातं नाही, तरी दोघांनी मान जड करून ठेवला.

मधल्या मध्ये ग्रीकांनी गंमत केली. हिब्रूचं भाषांतर करताना त्यांनी 'डॉक्सा' घेतला, ज्याचा जुना अर्थ मत, लोकांना काय वाटतं ते. ऑर्थोडॉक्समधला डॉक्स तोच. मग लॅटिनवाल्यांनी 'ग्लोरिया' केलं. त्या भाषेत 'ग्लोरिओसुस' म्हणजे बढाईखोर असाही अर्थ होता, प्लाउतुस या रोमन नाटककाराच्या एका नाटकातला फुशारक्या मारणारा शिपाई याच विशेषणाचा धनी. वजनापासून निघालेली वस्तू लोकमतावरून बढाईपर्यंत फिरून इंग्रजीत उतरली.

होसान्ना तर आणखी वेगळा. झावळ्यांच्या रविवारी आम्ही फांद्या हलवत मोठ्यानं म्हणतो. सगळ्यांना वाटतं जयजयकार. मूळ हिब्रू 'होशिआ ना', म्हणजे 'वाचव ना!' ती आरोळी आहे संकटातल्या माणसाची. सणात पुन्हा पुन्हा घातली गेली आणि तिचा जयघोष झाला. हालेलूया मात्र सरळ आहे: 'हालेलू' म्हणजे तुम्ही सगळे स्तुती करा, 'या' म्हणजे याहवे. ही सर्वांना केलेली आज्ञा आहे, नुसता उद्गार नाही.

---

तुळजापूरकर
बुधवार, रात्री ८:४९

मावशी, दंडवत! आमच्या 'उदो उदो'चंही तसंच. 'उदय'वरून आलेला, आईचा उदय असो. आता पेपरात 'नेत्याचा उदोउदो' म्हटलं की ती शिवी असते.

---

कोशकीटक
बुधवार, रात्री ९:०५

@वसईची_मावशी, फार सुंदर. तुमच्या परंपरेत उलटा प्रवासही झालाय. फादर स्टीफन्स हे जन्मानं इंग्रज, त्यांनी गोव्यात बसून दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' रचलं, १६१६ साली छापलं गेलं. शेक्सपिअर वारला ते हेच वर्ष. इंग्रजी भाषेचा माणूस आपल्या देवाची स्तुती ओवीत करत होता आणि स्वर्गाला बेधडक 'वैकुंठ' म्हणत होता.

---

विवेकी_वांगं
बुधवार, रात्री १०:१०

एन्थुझिअॅझम राहिला. 'एन' म्हणजे आत, 'थेओस' म्हणजे देव. आत देव शिरलेला. मराठीत याला तंतोतंत शब्द आहे: अंगात येणं. आता जाहिरातीत लिहितात 'उत्साही, एन्थुझिअॅस्टिक उमेदवार पाहिजेत'. घुमणारे उमेदवार पाहिजेत! 😀

---

तुळजापूरकर
बुधवार, रात्री १०:२२

थट्टा करू नका साहेब. आमच्याकडं देवीचं वारं येतं, आराधी बायका पोत नाचवतात. तुम्हाला पटत नसेल तर सोडा.

---

विवेकी_वांगं
बुधवार, रात्री १०:३०

थट्टा तुमच्या देवीची नाही, जाहिरातीची. पण इतिहास बघा. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजीत हा शब्द चक्क टोमणा होता. जॉन लॉक या तत्त्वज्ञानं १७०० साली आपल्या ग्रंथाच्या चौथ्या आवृत्तीत यावर अख्खं प्रकरण घातलं, की माझ्याशी देव थेट बोलतो असं मानणाऱ्यांनी बुद्धीला रजा दिलेली असते. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात पहिला अर्थ आहे तो खासगी साक्षात्काराची पोकळ समजूत असा. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथातल्यांना प्रतिष्ठित पाद्री 'एन्थुझिअॅस्ट' म्हणून हिणवायचे. म्हणजे अंगात येण्यावरून वाद घालणारे आपण दोघे काही पहिले नाही.

---

तुळजापूरकर
बुधवार, रात्री १०:३८

हे माहीत नव्हतं. बरं, चालू द्या.

---

श्रवणभक्त
गुरुवार, सकाळी ६:५५

रात्री वाचलं, झोप उडाली. कुडोजवरून सुरुवात करतो. ग्रीक 'कुदोस' म्हणजे रणात मिळालेलं तेज, मान. इंग्रजी विद्यापीठांतल्या पोरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आगेमागे चेष्टेत वापरायला घेतला. शेवटी 'स' आहे म्हणून लोकांना अनेकवचन वाटलं आणि अमेरिकेत 'एक कुडो' सुद्धा निघाला. मुळात एकवचनच आहे.

पण ग्रीक महाकवी होमरचा खरा मानाचा शब्द 'क्लेओस'. कीर्ती. त्याचा धातू ऐकण्याचा आहे, म्हणजे आपला 'श्रु'. क्लेओस म्हणजे वेदातलं 'श्रवस्'. त्याच्या इलियडच्या नवव्या सर्गात योद्धा अखिलीस म्हणतो की इथे लढत राहिलो तर घरी परतणं नाही, पण 'क्लेओस आफ्थितोन' मिळेल, न झिजणारी कीर्ती. आणि ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या नवव्या सूक्तात इंद्राकडे काय मागितलंय? 'श्रवः' आणि 'अक्षितम्'. शब्दाला शब्द. आडालबर्ट कून या जर्मन पंडितानं १८५३ मध्ये ही जोडी दाखवली आणि मग दोन्ही कवितांच्या मागे एखादी त्याहून जुनी काव्यपरंपरा होती का, यावर अभ्यासकांनी ढीगभर लिहिलं.

याच धातूतून इंग्रजी 'लाउड' आलाय. क्लिओपात्रातला 'क्लेओ' पण तोच: बापाची कीर्ती. म्हणजे ज्याच्याबद्दल ऐकू येतं तो मोठा. लॅटिन 'फामा', इंग्रजीत फेम, ती बोलण्यावरून. तो धातू संस्कृतात 'भण्' आणि त्यावरून आपलं रोजचं 'म्हणणं'. लोक म्हणतात, ती फेम. लोक ऐकतात, ते क्लेओस. आपली 'कीर्ती' सुद्धा उच्चारण्यावरूनच, म्हणून तर तिचं सख्खं भावंड 'कीर्तन'.

---

सुगरण_पक्षी
गुरुवार, सकाळी ९:१२

साष्टांग. फेम आणि म्हणणं एका घरचे! हे आज डब्याच्या वेळी सगळ्यांना ऐकवणार.

---

गल्ली_क्रिकेट
गुरुवार, सकाळी १०:४०

स्टँडिंग ओव्हेशन कुठून? आमचा एक मित्र म्हणतो ओव्हम म्हणजे अंडं, पूर्वी नटांवर अंडी फेकायचे, त्यावरून. सचिन २०१३ ला वानखेडेवर शेवटचा आउट होऊन परत येताना अख्खं मैदान उभं होतं, तेव्हा अंडी कुठे होती?

---

कोशकीटक
गुरुवार, सकाळी ११:०३

अंड्याचा काही संबंध नाही. लॅटिन 'ओव्हारे' म्हणजे जल्लोष करणं. 'ओव्हातिओ' ही रोममधली दुय्यम दर्जाची विजययात्रा. पहिल्या दर्जाची म्हणजे 'ट्रायम्फ': सेनापती चार घोड्यांच्या रथात, डोक्यावर तमालपत्राच्या जातीचा लॉरेल मुकुट. ओव्हेशनवाला पायी किंवा घोड्यावर, डोक्यावर मेंदीसारख्या मर्टलचा. शत्रू हलका असला किंवा लढाई फारशी झाली नसली की ओव्हेशनवर बोळवण व्हायची.

क्रासुस या रोमन सेनापतीनं इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडलं. पण हरवलं कोणाला, तर गुलामांना. त्यामुळे ट्रायम्फ नाही, ओव्हेशन घ्या. गडी इतका चिडला की खटपट करून निदान मुकुट तरी लॉरेलचा मिळवला. आता हीच ओव्हेशन इंग्रजीत टाळ्यांची कमाल समजली जाते. प्लुटार्क हा जुना ग्रीक चरित्रकार मेंढीवरून, म्हणजे 'ओव्हिस'वरून व्युत्पत्ती लावतो, तेव्हा तुमच्या मित्रानं वाईट वाटून घेऊ नये.

---

पुणेरी_पाटी
गुरुवार, दुपारी १२:३०

ज्युबिलीवर पुण्याचा हक्क आहे, म्हणून लिहितो. हिब्रू 'योबेल' म्हणजे मेंढ्याचं शिंग. दर पन्नासाव्या वर्षी ते फुंकायचं. त्या वर्षी गुलाम मोकळे, गहाण पडलेल्या जमिनी मूळ घराण्याकडे परत. थोडक्यात, कर्जमाफी. लॅटिनमध्ये 'युबिलारे', आनंदानं ओरडणं, असा वेगळाच शब्द होता. दोघांची सरमिसळ झाली आणि कर्जमाफीचं वर्ष आनंदोत्सवाचं झालं. १३०० साली पोप बोनिफासनं रोममध्ये पहिलं ज्युबिली वर्ष केलं, ते शंभर वर्षांनी यायचं होतं. पुढे पन्नास, मग पंचवीस. आपल्याकडे सिनेमानं पंचवीस आठवड्यांवर आणलं.

आता पुणे. व्हिक्टोरियाची साठ वर्षं झाली म्हणून १८९७ मध्ये हीरकमहोत्सव. शहरात प्लेग, प्लेग अधिकारी रँडच्या शिपायांनी घरात घुसून देवघरापर्यंत तपासण्या केलेल्या, आणि २२ जूनला गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसवर रोषणाई. मेजवानी उरकून रात्री बग्ग्या बाहेर पडल्या तेव्हा 'गोंद्या आला रे' ही खूण झाली आणि चापेकर बंधूंनी रँडला गाठलं. त्याच्यासोबतचा लष्करी अधिकारी आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. ज्या उत्सवाचं नाव गुलामांच्या सुटकेवरून पडलंय त्याच रात्री. ती इमारत म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी निदान एकदा मान वर करून बघावी.

---

जुनी_पुस्तकं
गुरुवार, दुपारी १:१५

+१००. हा वेगळा धागा व्हायला हवा.

---

शेतात_आहे
गुरुवार, संध्याकाळी ६:२०

दिवसभर रेंज नव्हती. आनंदाचा नाही, पण शेजारचा शब्द देतो, डिलिरियम. लॅटिन 'लिरा' म्हणजे नांगराचा तास. 'दे लिरा' म्हणजे तासातून बाहेर गेलेला. बैल बिथरला की फाळ तास सोडून भलतीकडं जातो, ती रेघ उन्हाळाभर डोळ्यांत खुपते. कोणी रोमन शेतकऱ्यानंच पाडला असणार हा शब्द, पुस्तकवाल्याला सुचणार नाही.

---

वसईची_मावशी
गुरुवार, रात्री ८:३०

रॅप्चर कोणी घेतला नाही म्हणून. लॅटिन 'रापेरे', झडप घालून पळवून नेणं. रॅप्टर म्हणजे शिकारी पक्षी, रॅपिड, आणि बलात्काराचा इंग्रजी शब्दही त्याच धातूचा. शेवटच्या दिवशी विश्वासणारे ढगांत उचलले जातील या कल्पनेला अमेरिकेतले काही पंथ 'रॅप्चर' म्हणतात; आमच्या कॅथलिकांत तो शब्द ऐकायला मिळत नाही. पण मराठीला हे परकं नाही. मनोहर म्हणजे मन पळवून नेणारा. गावोगावी इतके मनोहर आहेत, आपण पोराचं नाव चोर ठेवलंय असं एकाही आईला वाटलं नसेल.

---

श्रवणभक्त
गुरुवार, रात्री ९:४४

मावशींनी वाट करून दिली म्हणून माझ्या आवडीचा शेवटी काढतो. हर्ष. 'हृष्' म्हणजे केस ताठ उभे राहणं, म्हणून रोमहर्ष. त्याच मूळ धातूचं लॅटिन रूप 'होर्रेरे', त्यावरून इंग्रजीत 'हॉरर'. हर्ष आणि हॉरर चुलतभाऊ आहेत. अंगावर काटा आला, एवढंच त्या धातूला ठाऊक. काटा कशामुळे आला हे आपापल्या भाषेनं ठरवलं, आपण आनंद म्हटलं, रोमनांनी भीती.

'थ्रिल'चंही असंच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ भोक पाडणं, आरपार जाणं. नाकपुडीचा इंग्रजी शब्द 'नॉस्ट्रिल', म्हणजे नाकाचं भोक, त्यातला 'ट्रिल' हाच. ऑसम-ऑफुल ही जोडी तर उघडीच आहे. 'ऑ' म्हणजे धाक. एकाचं कौतुक झालं, दुसऱ्याची शिवी झाली.

---

कोल्हापुरी_रस्सा
गुरुवार, रात्री १०:०२

मग आमचं 'भयंकर सुंदर', 'खतरनाक', 'जबरदस्त' हे शास्त्रशुद्धच की! आणि 'नाद खुळा'? खुळा म्हंजे वेडा. म्हंजे शेक्सपिअरची एक्स्टसी आमी कोल्हापुरात रोज बोलतोय.

---

विवेकी_वांगं
गुरुवार, रात्री १०:११

हे मात्र कोशात घालायला हवं. एक्स्टसी (ना.): १. चळ. २. नाद खुळा.

---

पडद्यामागचा (धागाकर्ता)
शुक्रवार, सकाळी ८:०५

मंडळी, काय लिहिलंय एकेकानं! प्रिंट काढून तालमीच्या खोलीत लावतोय. एक शेवटचं विचारतो: टाळ्यांचा, अॅप्लॉजचा काही इतिहास?

---

कोशकीटक
शुक्रवार, सकाळी ८:४७

'प्लाउदेरे' म्हणजे टाळ्या वाजवणं. रोमन नाटकाच्या शेवटी नट 'प्लाउदिते' म्हणून हक्कानं टाळ्या मागायचे. पण याच शब्दाला 'एक्स', म्हणजे बाहेर, लावला की होतो 'एक्स्प्लोड': टाळ्या वाजवून, हुर्यो करून नटाला रंगमंचावरून हाकलणं! बॉम्बचा अर्थ फार उशिरा आला, अठराव्या शतकाच्या शेवटाकडे. तेव्हा टाळ्या पडल्या म्हणून हुरळून जाऊ नका, कुठल्या आहेत ते आधी बघा. (हलकं घ्या.)

---

जुनी_पुस्तकं
शुक्रवार, सकाळी ९:३०

यात भर. गाणं रंगलं की इंग्रज प्रेक्षक फ्रेंचमध्ये ओरडतात, 'आँकोर'. फ्रेंच प्रेक्षक लॅटिनमध्ये, 'बिस'. आणि आपल्या संगीत नाटकांना इंग्रजीत, 'वन्स मोअर'. कौतुक करताना घरची भाषा कुणालाच पुरलेली दिसत नाही.

---

कोल्हापुरी_रस्सा
शुक्रवार, सकाळी ९:४१

प्रयोग कवा हाय ते सांगा. 'चळ' शब्दाचं मानधन म्हणून दोन पास पाहिजेत.

---

पडद्यामागचा (धागाकर्ता)
शुक्रवार, सकाळी ९:५८

तारीख ठरली की इथेच टाकतो. पास पहिल्या रांगेतले. फक्त एक्स्प्लोड करायला येऊ नका.